सीटखालचं सॉकेट

३ नोव्हें., मारेगाव
बॅग तिसऱ्यांदा भरली. सहा वर्षं घरून खाणींचे नकाशे काढतेय, आता ऑस्ट्रेलियातली, पर्थची कंपनी समोर बसवून बघणार. खाणीचं मॉडेल पटलं तर कायमची नोकरी. नाही तर परत कंत्राट, परत ‘मॅडम, पुढच्या महिन्यात बघू’. थकले बाई या वाक्याला.
त्या मॉडेलमध्ये कोळशाचा खालचा थर काढायचा बाकी. उतरल्यावर थेट मीटिंग, म्हणजे विमानातच करावा लागणार. चार्जर मोठाच घेतला, २३० वॅटचा. आपल्याकडे लाईट आहे तेवढ्यात ओढून घ्यायची सवय. छोटा फ्रिजवर पडलाय.
बाबा : “हे वीट कायले नेऊन राह्यली वं?”

५ नोव्हें., सिंगापूर सोडलं
आधीच्या विमानात सॉकेटच नव्हतं. लॅपटॉपची बॅटरी ३४ टक्के.
इथे आहे, सीटखाली. लावला. हिरवा दिवा, दोन मिनिटं, गेला. काढला, लावला. परत गेला. शेतात मोटर उडाली की स्टार्टरचं बटन दाबत राहायचं, तसं पाच वेळा केलं. पाचव्यांदा शेजारच्या सीटचंही गेलं. एअर होस्टेस गोड हसून म्हणाली, एवढा मोठा चार्जर इथे झेपत नाही, आता उतरेपर्यंत या रांगेला वीज नाही.
शेजारी आदिलाबादच्या मावशी. मुलाकडे चालल्या, पहिल्यांदाच एकट्या. त्यांचा फोन नुकताच चार्जिंगला लावला होता, तो बंदच पडला.
“पोराचा नंबर याच्यातच हाये वं माय. मले पाठ नाही.”
मी खिडकीबाहेर बघत बसले. मुद्दाम.

तेच विमान, तासाभराने
बॅटरी १९. थर अर्धा.
मावशी बंद फोन पदराने पुसतात, पर्समध्ये ठेवतात, परत काढतात. निदान भांडल्या असत्या तर बरं.
शेवटी काम बंद केलं, फोन लॅपटॉपला जोडला.
“तुझं काम राहीन न पोरी?”
“राहू द्या न मावशी. तुमची लाईट मीच घालवली.”
मोठेपणा कसला, नुसती चिडचिड होत होती.

५ नोव्हें., पर्थ, हॉटेल
मावशींचा मुलगा दारातच उभा होता. त्या माझा हात सोडेनात, नंबर मागून घेतला. मला टॅक्सी गाठायची.
मीटिंगमध्ये खालचा थर अर्धा पांढरा. का, विचारलं. डेटा कमी होता म्हणता आलं असतं, पण खोटं बोलायचंही त्राण नव्हतं. सांगितलं, विमानातली वीज मी घालवली. समोरच्या तिघांपैकी दोघं हसले. मधले साहेब नाही. काहीतरी लिहून घेतलं. “कळवू.”
बाबांना फोन करून सांगितलं, तर म्हणाले, “मोटर उडाली तं लोड कमी करा लागते. बटन दाबून काय होते?”
हे मला लहानपणापासून माहीत आहे.

९ नोव्हें., मारेगाव
थर पूर्ण केला. चाळीस मिनिटं लागली. छान झालाय, म्हणून जास्त त्रास होतोय. कोणी मागितला नव्हता तरी पाठवून दिला.

१४ नोव्हें.
पर्थहून उत्तर नाही. इथल्या कंत्राटदाराला हो म्हणायचं की थांबायचं, उद्यापर्यंत सांगायचंय.
मावशी रोज फोन करतात. “लागली का वं नोकरी?”
आज उचलला नाही.