टीव्हीतल्या ड्रायव्हरची चाल

वेसावे, डोंगरी गल्ली
१८ नोव्हेंबर २०२४

चि. नंदकिशोर यास मथुरा वहिनीचा आशीर्वाद. नमिताला आणि दिशालाही.

आम्ही इकडे आहोत तसे आहोत. दिवाळीनंतर बोंबील बरा लागलाय, गल्लीभर वाळत घातलाय. मी अजून अंधेरीच्या मार्केटला बसते, पण हल्ली अर्धाच दिवस. आमचा निमेश गोरेगावच्या स्टुडिओत सेट रंगवायला जातो. तू राखतोस त्या बंगल्यात शूटिंगवाले येतात ना अजून? तुझ्या शेजारची शेवंती म्हणाली, गेटवर तूच असतोस.

तुझ्या दिशाचं लग्न जमलं हेही तिनेच सांगितलं. मुलगा चांगला आहे म्हणे. ऐकून आनंद झाला. म्हणजे व्हायला हवा होता. त्याबद्दल पुढे लिहिते.

तुला दोनदा फोन लावला, तू कापलास. म्हणून हे पत्र. आमच्या जेट्टीवरून खाडीपलीकडचं तुझं मढ दिसतं आणि मी तुला पत्र लिहितेय, मलाच कसंतरी वाटतं. शेवंती इकडे लेकीकडे येते, परत जाताना तुझ्या हातात देईल. फाडू नकोस रे. तुझ्या दादाची बाजू घेऊन भांडायला लिहीत नाहीये. आपल्या बोटीवरच्या दशरथची दोन बोटं जाळं ओढायच्या विंचमध्ये गेली तेव्हा सुकाणूवर तुझा दादाच होता, इंजिन त्यालाच वेळेवर बंद करता आलं नाही, हे मी कधी नाकारलं नाही. दशरथ अजून येतो घरी. त्याच्या हाताकडे बघवत नाही.

आधी तुला टीव्हीवरची एक गोष्ट सांगते. हसू नकोस.

रात्री जेवताना आम्ही ती डॉक्टरांची मालिका बघतो. पावसाळ्यात, बोटी वर ओढलेल्या होत्या तेव्हा, एक भाग लागला. एक बस ड्रायव्हर. पाय फाकवून चालतो, झोकांड्या खातो, बोलताना जीभ जड होते. डेपोवाल्यांनी दारू पितो म्हणून घरी बसवलेलं, बायको माहेरी गेलेली. हॉस्पिटलमध्ये सगळे डॉक्टर गोंधळलेले. रक्त तपासलं, डोक्याचा फोटो काढला, कोण म्हणतं थायरॉइड, कोण म्हणतं विषारी काही पोटात गेलं. रक्तात दारूचा थेंब नाही आणि माणूस तर सरळ उभा राहत नाही. शेवटी एक मोठ्या डॉक्टरबाई त्याच्या लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट मागवतात. वरातीत सगळे नाचतायत आणि त्याच्या बापाला दोन माणसांनी दोन्हीकडून धरलंय. बाई टीव्ही थांबवून म्हणतात, "हा म्हाताराही प्यायलेला नाही."

तुझा दादा भिंतीला टेकून बसला होता, हातातला घास तसाच. मग म्हणाला, "मथुरा, हा माझ्यासारखा चालतो."

निमेश म्हणाला, "बाबा, अ‍ॅक्टर आहे तो. त्या हॉस्पिटलच्या भिंती प्लायवूडच्या असतात, मीच रंगवतो."

"भिंती सोड. त्याची चाल बघ," तुझा दादा म्हणाला.

नंदू, मला तेव्हा मामंजी आठवले. मी लग्न करून आले तेव्हा तू सातवीत होतास, तुला आठवत असेल. ते भिंतीला हात लावत लावत परसात जायचे. गल्ली म्हणायची, म्हातारा सकाळीच लावतो. मी त्यांना चहा द्यायचे, तोंडाला कधी वास आला नाही. लोकांनी म्हणून म्हणून शेवटी ते खरंच प्यायला लागले. खाडीत पडून गेले तेव्हा तर कोणी विचारलंच नाही कसे पडले म्हणून.

मी तुझ्या दादाला घेऊन महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलला गेले. निमेश सोबत होता. डॉक्टरबाई तरुण होती. तिने विचारलं, "काय होतंय?" मी म्हटलं, "टीव्हीवरच्या ड्रायव्हरसारखं होतंय." ती हसली. मग तिने दादाला एका सरळ रेषेत चालायला सांगितलं, टाचेला अंगठा लावून. तिसऱ्या पावलाला निमेशने त्याला धरलं. मग बोट नाकाला लाव, मग माझ्या बोटाला लाव, असं करायला लावलं. त्याचं बोट तिच्या हाताच्या आसपास नुसतं फिरत राहिलं, खिडकीतल्या माशीसारखं. तेव्हापासून ती हसली नाही.

रक्त तपासायला बाहेर पाठवलं. उत्तर यायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत तुझा दादा खुशीत होता. खरं सांगते, लग्नानंतर एवढा खुशीत मी त्याला पाहिला नाही. "एकदा नाव कळू दे," म्हणायचा, "मग नंदूला बोलावू."

नाव कळलं. अटॅक्सिया. मेंदूचा मागचा भाग असतो, तोल सांभाळणारा, तो झिजत जातो. मी विचारलं, "गोळी कुठली द्यायची?" डॉक्टरबाई म्हणाली, "याला गोळी नाही. व्यायाम करा, पडू देऊ नका, घास लहान द्या, पाणी ठसकतं ते जपून." मी म्हटलं, "ऑपरेशन?" तिने नाही म्हणून मान हलवली. "टीव्हीवर तो ड्रायव्हर हसला होता हो शेवटी," मी म्हटलं. त्या भागात नाव सापडलं, बायको परत आली, वाजंत्री वाजली आणि संपलं. दुसऱ्या दिवशी दुसरा पेशंट. त्या ड्रायव्हरचं पुढे काय होतं ते त्यांनी दाखवलंच नाही. ते आम्ही घरी बघतोय.

तुझ्या दादाला तरी आधी वाईट वाटलं नाही. दारू नव्हती, आजार होता, एवढंच त्याने धरलं. सकाळी नवा शर्ट घालून काठी घेऊन निघाला, गल्लीत सगळ्यांना सांगायला. मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात बोटींचे तांडेल लोक बसले होते, तिथे गेला. पण त्याची जीभ आता फार जड झालीय, नंदू. मला आणि निमेशला कळतं, बाकीच्यांना कळत नाही. तो त्या आजाराचं नाव सांगायला गेला आणि ते तोंडातून निघेना. "मी पीत नव्हतो" एवढंही नीट निघेना. कोणीतरी म्हणालं, "अनंता, आज सकाळीच?" आणि सगळे हसले. मी मागून धावत गेले, डॉक्टरने लिहून दिलेलं दाखवलं. त्यांनी मान डोलावली. बाहेर पडल्यावर परत हसण्याचा आवाज आला.

त्यानंतर तो घराबाहेर पडला नाही. मालिका लागली की चॅनेल बदलायला सांगतो.

आज इथेच थांबते. मार्केटला जायचंय.

२० नोव्हेंबर

परवा पत्र अर्धं ठेवलं ते काम होतं म्हणून नाही. पुढचं लिहायला हात होईना.

डॉक्टरबाईने त्या दिवशी आणखी विचारलं होतं. यांचे वडील कसे चालायचे? मी सांगितलं. मग म्हणाली, हे आईबापाकडून मुलांत येतं. मुलगा असो की मुलगी, प्रत्येकाला येण्याची शक्यता निम्मी. आलं तर चाळिशीच्या आसपास दिसायला लागतं, कधी आधीच. तेव्हा निमेश माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. बघायची हिंमतच झाली नाही.

त्याचीही रक्ताची तपासणी होऊ शकते. तो नाही म्हणाला. "कळून काय करू आई? औषध आहे का?" पण मी स्वयंपाकघरात असते तेव्हा तो बाहेरच्या खोलीत लाद्यांच्या रेषेवरून चालतो, टाचेला अंगठा लावून. माझी चाहूल लागली की मोबाइल काढतो. अजून सरळ चालतो रे. रोज सरळ चालतो. पण रोज बघतो.

डॉक्टरबाईने हेही विचारलं, "यांना भाऊ आहे?" मी म्हटलं, "आहे एक. मढला." तिने ते लिहून घेतलं.

मी तुला तेव्हाच कळवणार होते. तुझा दादा म्हणाला, "नको. त्याला सुखाने राहू दे. मला कळलं म्हणून माझं काय भलं झालं?" मलाही ते पटलं. म्हणून गप्प राहिले. दिशाचं जमल्याचं कळलं तरी गप्पच राहिले.

पण गेल्या आठवड्यात शेवंती आली. ती सहज बोलून गेली, तिला यातलं काही माहीत नाही. म्हणाली, तू फेरीबोटीतून उतरताना जेट्टीवर आडवा झालास. त्याआधीही एकदा बंगल्याच्या पायऱ्यांवर पडला होतास. हातातला कप हलतो. लोक म्हणतात, नंदूही भावाच्या वाटेला लागला. नमिता माळ्यावर, मोटरसायकलच्या डिकीत बाटल्या शोधते. काही सापडत नाही म्हणून आणखी चिडते.

मी हातातली सुरी खाली ठेवली. शेवंती विचारत राहिली, काय झालं, काय झालं.

तुझ्या दादाला सांगायचं नव्हतं, पण तो आतून ऐकत होता. ती गेल्यावर मला हाक मारली. बराच वेळ त्याचा शब्द जुळेना. मला वाटलं, तुझ्यावर राग काढेल, दशरथच्या अपघातानंतर सगळ्या बंदरासमोर तू त्याला दारुडा म्हणालास, त्याचा. त्याने माझा हात धरला आणि म्हणाला, "तो पण?" मग रडला. लहान मुलासारखा रडला. थोड्या वेळाने म्हणाला, "त्याला सांग, तो पीत नाय. नमिताला पण सांग. त्याला येत नसेल सांगता, तर तू सांग."

म्हणून लिहिलं. नंदू, तू पीत नाहीस. मला माहीत आहे. नमिताने हे वाचावं म्हणून पुन्हा लिहिते, तो पीत नाही गं.

डॉक्टरबाई सोमवारी आणि गुरुवारी असते. मी येईन तुझ्यासोबत. कदाचित वेगळंच काही निघेल, कानाचं, साखरेचं. पण मी तुला खोटी आशा लावत नाही. ती मी स्वतःला लावून बघितली आहे. मग जायचं कशाला, असं तू विचारशील. निमेशला देता आलं नाही ते उत्तर तुलाही देता येत नाही. फक्त एवढंच की घरात तुझ्यावर कोणी ओरडणार नाही. आमच्याकडे तेवढं एकच बरं झालं.

दिशाचं काय करायचं ते मला कळत नाही. तिच्या सासरी सांगायचं का, तिला सांगायचं का. सांगितलं तर लग्न मोडेल, नाही सांगितलं तर उद्या तिच्या पोरांचं काय. मी खूप विचार केला, दोन्हीकडून हात पोळतात. तू बाप आहेस, तू आणि नमिता ठरवा. मला विचारलंस तर, आधी तुझं काय ते कळू दे. तोवर तिला हसू दे.

तुझा दादा तुझी वाट बघतोय. तो जे बोलेल ते तुला पहिल्यांदा कळणार नाही. घाई करू नकोस, तो परत सांगेल.

रविवारी ये. फेरीत उभा राहू नकोस, मधल्या फळीवर बस. उतरताना कोणी हसलं तर हसू दे, खलाशाचा हात धर. या बाजूला मी उभी असेन, मग माझा धर.

या घरात जिला अजून पावलं न तपासता चालता येतं ती,
तुझी वहिनी
मथुरा