दसऱ्याच्या पाटावरची संगीन

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्या संगिनी अजून मीच पुसते. आपल्या खाऱ्या हवेत लोखंडाला गंज धरायला वेळ लागत नाही, म्हणून दर रविवारी खोबरेलाचा बोळा हातात देऊन मला बसवायचात. आईच्या दुखण्यात वैद्य आणायला तुम्हाला सवड झाली नाही. पण लढाईवरून आलेल्या कुणाच्या घरी संगीन आहे असं कानावर आलं, की शाळेला सुट्टी देऊन तुम्ही खाडी ओलांडायला आगरदांड्याची तर गाठायचात. मुठीजवळ पात्यावर ठसे असतात, मुकुटाच्या ठशाखाली घडणीचं साल असतं, ते वाचायला तुम्हीच शिकवलंत. चुकले की पात्याची सपाट बाजू बोटांवर बसायची.

त्या दसऱ्याला मलाही दिघीपलीकडच्या वाडीत नेलंत. ओटीवर पाट मांडलेला, त्यावर कोयता, विळा आणि मधोमध संगीन, तिला कुंकू आणि झेंडू. त्या घरच्या बाईचा नवरा एकोणीसशे सोळा साली बसऱ्याकडे लढाईत मेला होता. प्रेत नाही, राख नाही. त्याच्या सोबत्याने वळकटीत लपवून आणलेली ही संगीन तेवढी घरी आली. तोच सोबती दर पावसाळ्यात तिची भातलावणी उरकून द्यायचा. तुम्ही धोतराच्या सोग्याने कुंकू पुसलंत, ठसा डोळ्यांजवळ नेलात आणि शांतपणे म्हणालात, "साल अठरा. तुझा नवरा मेल्यावर घडवलेली आहे ही. परक्याचं हत्यार पुजतेस, बाई." तिने झेंडू उचलून बाजूला ठेवला आणि संगीन तुमच्याकडे सरकवली. नको नको म्हणत तुम्ही ती घेतलीत.

संध्याकाळी तेल लावताना मी साल वाचलं. अकरा. ठसा इतका स्वच्छ की आंधळ्यानेही बोटाने वाचावा. मी तुमच्याकडे बघते आहे आणि तुम्ही बशीत चहा ओतता आहात. "वाचता यायला लागलं म्हणायचं," तुम्ही म्हणालात. "आता गप्प बसायलाही शिक." मुठीशी आकडी असलेली तशी जुनी संगीन तुमच्याकडे नव्हती, एवढंच कारण. अण्णा, त्या दिवशी मला तुमची किळस आली.

तुमचं दिवसकार्य उरकल्यावर मी ती संगीन फडक्यात गुंडाळून त्या बाईकडे नेली. म्हटलं, साल लढाईआधीचं आहे, ही तुझ्या नवऱ्याचीच असणार. ती तांदूळ पाखडत होती. हातातलं सूप तिने खाली ठेवलं नाही. त्या दसऱ्यानंतर तिने त्या सोबत्याला खोटारडा म्हणून दारातून हाकललं होतं. तो मुंबईला गोदीत गेला आणि तिथेच मेला. तिचं शेत पडीक राहिलं. "आता ती त्याची हाय म्हनू नको, बाय," ती म्हणाली. "मंग त्या मानसाला मी कशापायी हाकललं? मास्तर खोटं कशाला बोलतील?"

मी पातं पुन्हा उजेडात धरलं, डोळे बारीक केले आणि म्हटलं, "अठराच आहे. मी चुकले." तिचा चेहरा निवळला. तिने मला गूळपाणी दिलं आणि मी ते प्याले.

हा कागद पाठवायला ठिकाण नाही, आणि असतं तरी तुम्ही त्यातलं शुद्धलेखनच तपासलं असतंत. पण एक सांगून टाकते. परतताना तरीत मनात आलं, अण्णा असते तर आज मला शाबास म्हणाले असते. आणि ती शाबासकी मला हवी होती.