गाद्यासाठी धवला

५ जानेवारी १९९२, रविवार
आधी टपकली ती तुळशीच. माझी नणंद, बुवापाड्याची. पाहुणे माझे, आणि पोह्यांच्या वासाला ही! मग जीपमधून कॉलेजचे दिनानाथ सर आणि ती पोरगी नीलिमा उतरली. खाडीतल्या गाद्यांचा, म्हणजे त्यांच्या भाषेत डॉल्फिनचा, रिसर्च करतात. गादा मासा नाय आजी, पिल्लाला दूध पाजतो, असं नीलिमा सांगायला लागली. म्हटलं, मला काय सांगतेस, माझं माहेर मिठागरातलं. सरांनी विचारलं, किती पाहिलेत? शंभर, सांगून टाकलं. (बानं पाहिले, मी ऐकले. घरातलंच ना ते.) मरायच्या आधी एक तरी दिसायला पाहिजे.
पौर्णिमेच्या भरतीला मला होडीतून नेणार! तुळशी म्हणाली, वैनी, मीपण येऊ? म्हटलं ये, नारळ धरायला माणूस लागतंच.

८ जानेवारी
नीलिमाची ताकीद आहे, गादा लाजाळू, होडीत बोलायचं नाय. निश्चय: तोंड उघडणार नाय. रोज तासभर गप्प बसायची प्रॅक्टिस.

९ जानेवारी
प्रॅक्टिस राहिली. शेजारच्या इंदुबाईची सून रुसून माहेरी गेली, चौकशी नको करायला? उद्या नक्की.

१५ जानेवारी, सकाळी
विचार केला. लाजरी नवरी काय सगळे गप्प बसले म्हणून बाहेर येते? चाळीस वर्षं लग्नांत धवले म्हणतेय मी. धवलारणीनं गाणं धरलं की मगच नवरी मान वर करते. सर शिकलेले, पण आमच्यातलं लग्न पाहिलेलं नसणार. आत्ता सांगत नाय. सरप्राईज.

१९ जानेवारी, पौर्णिमा, संध्याकाळी
हिरवं लुगडं नेसले. खाडीला नारळ दिला. होडीचं मशीन बंद केलं, आणि सगळे असे गप्प, जसं कोणी वारलंय. मी डोळे मिटून धवला धरला. डोळे मिटल्याशिवाय मला सूर लागत नाय. सर आजी, आजी करत होते. मला वाटलं, दाद देतात.
दोन कडवी झाल्यावर डोळे उघडले, तर नीलिमा तुळशीच्या गळ्यात! होडीमागं फुस्स झालं म्हणे, तुळशीनं बोट दाखवलं, राखाडी पाठ दोनदा वर आली. मग गेली ती गेलीच.
म्हणजे माझ्या गाण्यानंच आला. तिच्या बोटानं लाजला.
म्हटलं, तुळशे, मला चिमटा तरी काढायचास! तर म्हणते, वैनी, बोलायचं नव्हतं ना.

२३ जानेवारी
मुलगा जयदेव म्हणतो, आई, तू पळवलंस त्याला. जळतात मेले. जाताना सर म्हणालेत, कळवतो. मोठ्या कामासाठी राखून ठेवलं असेल मला. आवाज जपतेय. आलं-गूळ चालू.

२६ जानेवारी, रविवार
आज येणारच, म्हणून पोहे भिजवले. गाडीच्या आवाजाला तीनदा गॅलरीत गेले. दोनदा टेम्पो, एकदा पाण्याचा टँकर.

२७ जानेवारी
तुळशी आली. काल सर तिला घेऊन गेलेले. चार गादे पाहिले म्हणे, एक पिल्लासकट. माझ्या नारळ धरणारीनं! चहा दिला नाय.
मग दिला. विचारलं, पिल्लू आईला चिकटून पोहतं का गं? हो म्हणाली, तुमचा बा सांगायचा तसंच.
सरांनी माझी आठवण काढली का, विचारलं. काढली की, म्हणाली. म्हणाले, आजींना सांगू नका.
२ फेब्रुवारीला परत येणार म्हणालेत, सकाळी नऊला. बुवापाड्याला.