वारस: निरंक

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठावन्न, धंदा वह्या-पुस्तकांची बांधणी, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाखाली नसताना हे लिहीत आहे. धाकाचे शब्द वकिलांनी घालायला सांगितले म्हणून घातले. खरे म्हणजे मला भीती वाटते आहे. पण हात स्थिर आहे, ते अक्षरावरून दिसेल.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात. हे मात्र उद्या शुक्रवारी, मी जिवंत असताना, माझ्या धाकट्या दिरांच्या गॅरेजमध्ये मोठ्याने वाचायचे आहे. परवा शनिवारी दिरांनी माझ्या मैत्रिणीच्या, म्हणजे नर्सबाईंच्या, मुलाला आपल्या पत्र्याच्या छपरावर वायरिंग करायला बोलावले आहे. तो वर चढण्याआधी हे वाचून झाले पाहिजे. तोंडी मी सांगून पाहिले. दीर तोंडच्या शब्दावर विश्वास ठेवत नाहीत, शिक्क्याच्या कागदावर ठेवतात.

कलम १. वारसांबाबत.

माझे पती तेरा महिन्यांपूर्वी वारले. मला अपत्ये: निरंक.

हा शब्द समजावून सांगणे भाग आहे. निरंक म्हणजे काहीही नाही. कचेरीच्या तक्त्यात रकाना मोकळा सोडता येत नाही; सांगण्यासारखे काही नसेल तिथे निरंक लिहितात. माझे पती नोंदणी कचेरीत कारकून होते. दिवसातून पन्नास वेळा तो शब्द लिहीत. लग्नाच्या सातव्या वर्षी दवाखान्यात अर्ज भरताना अपत्यांच्या रकान्यात त्यांनी सवयीने तोच लिहिला, आणि मला तिथल्या बाकावरच रडू फुटले. ते घाबरले. मग माझ्या कानाशी म्हणाले, "अगं, नाव काही वाईट नाही. आपला निरंक."

मी रडता रडता हसले. तेव्हापासून तो आमच्या घरात राहायला आला.

"निरंक जेवला का?"

"नाही. रुसलाय."

"तुझ्यावर गेलाय."

हे कोणाला वेडेपणाचे वाटेल. अकरा वर्षे उपचार चालले. इंजेक्शने, तारखा, तपासणीच्या टेबलावर छताकडे बघत पडणे, आणि प्रत्येक महिन्याच्या शेवटी तेच. त्या अकरा वर्षांत या शब्दाने आम्हाला एकमेकांवर ओरडू दिले नाही. दवाखान्याची सगळी कागदपत्रे आम्ही पत्र्याच्या एका डब्यात ठेवीत होतो. डब्यावर त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात 'निरंक' असे रंगवले होते.

कलम २. मंगळवारबाबत.

चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या बांधणीसाठी माझ्याकडे येत. इतरांच्या लेकरांची नावे मी दाभणाने टोचून शिवत असे. एका वर्षी मला ते जमेना. वही तशीच घेऊन मी पाळकांकडे गेले आणि विचारले, "प्रभूला माझ्यात काय कमी दिसलं?" मला वाटले, आता एखादे वचन ऐकावे लागणार. पाळकांनी वही मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मला माहीत नाही, बाई." आणि माझ्याजवळ बसून राहिले. मंदिरात नुसते ओठ हलवत मूल मागणाऱ्या एका बाईला याजकाने दारू प्यायलेली समजून झापले होते, ती बायबलातली गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले होते. त्या दिवशी मला कोणी झापले नाही. घरी जाताना, सात वर्षांत पहिल्यांदाच, मी मागणे न मागता प्रार्थना केली. प्रभूने उत्तर दिले असे मी म्हणणार नाही. तो शेजारी बसला होता, एवढे म्हणते.

पुढच्या मंगळवारी माझ्यासारख्या दोघीजणी आमच्या पुढच्या खोलीत आल्या. आता मला धरून नऊजणी असतो. प्रार्थना होते, चहा होतो, हसणेही पुष्कळ होते. त्या खोलीत "किती मुलं?" हा प्रश्न विचारायचा नाही, एवढा एकच नियम आहे.

ही खोली, म्हणजेच हे घर, आमच्या मागे या बायकांकडे जावे अशी माझ्या पतींची इच्छा होती. ती मी आज मोडते आहे. कारण पुढे लिहिते.

कलम ३. माझ्या खोट्याबाबत.

दीर मोटारी दुरुस्त करतात. कचेरीची भाषा त्यांच्या कानावरून कधी गेलेली नाही. अडीच वर्षांपूर्वी ते आमच्याकडे जेवायला होते. पती सवयीने म्हणाले, "थोडं निरंकला ठेव." दिरांनी मान वर केली. नंतर त्यांना कपाटावरचा डबा दिसला. हात धुताना त्यांनी मला विचारले, "वहिनी, हा निरंक कोण?"

मी सांगायला हवे होते. एका वाक्याचे काम होते. पण ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते, तसे माझ्याकडे कोणी कधी बघितले नव्हते. मूल असलेल्या बाईकडे बघावे तसे.

मी म्हणाले, "आमचाच आहे."

"कुठं असतो?"

"असतो," मी म्हणाले, आणि ताटे उचलली.

ते सुख ताटे विसळून होईपर्यंत टिकले. पतींना मी हे सांगितले नाही. पुढच्या मंगळवारी इतर आठजणींसमोर मी खाली मान घालून बसले, तिथेही सांगितले नाही. आज सांगते.

कलम ४. शिडीबाबत.

गेल्या वर्षी पती पागोळीची पन्हळ साफ करायला शिडीवर चढले. शिडी दिरांनी धरली होती. मी आतल्या खोलीत एका वहीचा कणा चिकटवत होते. दिरांचा आवाज आला, "दादा, घर कुणाला देणार ते नंतर. आधी निरंक कोण ते सांग."

पती वरून हसले. म्हणाले, "अरे, निरंक म्हणजे..."

नंतर शिडीचा आवाज आला. मग त्यांचा.

मी पाहिलेले नाही, म्हणून अधिक लिहीत नाही. शिडी हलली, हलवली, की घसरली, हे दोघांनाच माहीत. त्यातले एक आता प्रभूपाशी आहेत. चौकशीला आलेल्या माणसाला मी ऐकलेले सांगितले. तो म्हणाला, "बाई, भावाभावांत बोलणं व्हायचंच." वाक्य पुरे करायला त्यांना दोन शब्द हवे होते. ते दोन शब्द माझ्याकडे दीड वर्ष पडून होते.

ही शिडी दिरांना द्यावी. माझ्या मरणाची वाट पाहू नये, उद्याच द्यावी. मी ती सोबत घेऊन येईन.

कलम ५. नर्सबाईंच्या मुलाबाबत.

हा मुलगा वायरमन आहे, वय एकोणतीस. तो जन्मला त्या वर्षी मी पाच आठवडे त्याच दवाखान्यात पडून होते. तिथेच नर्सबाईंशी माझी मैत्री झाली. तो मला माई म्हणतो. माझ्या पतींनी त्याला अक्षर शिकवले, म्हणून त्याचा 'क' अगदी त्यांच्यासारखा येतो. या सगळ्याची दिरांनी बेरीज केली आहे. गेल्या आठवड्यात ते माझ्या दारात उभे राहून म्हणाले, "वहिनी, पोरगं तुमच्यावर गेलंय हं."

मी म्हणाले, "भाऊजी, तो नर्सबाईंचा आहे. निरंक असं कोणी नाही. निरंक म्हणजे काही नाही."

"आता काही नाही का?" ते हसले. "तेव्हा तर आमचाच होता."

जाताना पायरीवर थांबून त्यांनी विचारले, "शिडीवर चढतो ना तो? आपल्याला वरचं काम आहे."

मी मुलाला जाऊ नको म्हणाले. तो म्हणाला, "माई, काका चहा पाजतात, पैसे रोख देतात. तुमचं आपलं काहीतरीच." त्याला शनिवारी अडवता येईल. पुढच्या शनिवारी काय करू?

कलम ६. घराबाबत.

म्हणून हे घर मी माझ्या मृत्यूनंतर धाकट्या दिरांना देते. त्यांना ज्या वारसाची भीती आहे तो जन्मलाच नाही. आता कोणाला शोधायची गरज नाही.

परंतु पुढील अटी आहेत. माझा मृत्यू आजाराने किंवा म्हातारपणाने झाल्याचा डॉक्टरांचा दाखला हवा. मी पडून, जळून, बुडून किंवा गाडीखाली येऊन मेले, तर चूक कोणाचीही असो, घर दिरांना मिळणार नाही. तसेच नर्सबाईंच्या मुलाला उंचीवरून, विजेने किंवा वाहनाने इजा झाली, मी जिवंत असले तरी, घरावरचा दिरांचा हक्क त्याच क्षणी संपेल आणि घर चर्चच्या मंडळीकडे, मंगळवारच्या बायकांसाठी, जाईल. थोडक्यात, आम्ही दोघे सुखरूप राहावे यासाठी भाऊजींनी रोज प्रार्थना करावी. शिकायची असेल तर मंगळवारी यावे. खुर्ची आहे.

बायकांना मी हे सांगितले. एक म्हणाली, "खोली गेली तर गेली, बाई. आम्ही तुमच्या जिन्यात बसू."

कलम ७. इतर वस्तू.

दाभणे, वह्या दाबायचा शिकंजा, खळीचे भांडे आणि राहिलेले बांधणीचे कापड मंगळवारच्या सर्वांत धाकट्या सदस्येला द्यावे. तिचे टाके सरळ येतात. बँकेत आहे त्यातून माझे दफन साधेपणाने करावे, उरेल ते नर्सबाईंना. पतींच्या आत्याबाईंनी एका बाप्तिस्म्याच्या दिवशी माझ्या हातातून बाळ काढून घेतले होते, "हिच्याकडे नको" म्हणून. त्यांना मी माफ केले आहे. त्याची त्यांच्याकडून लेखी पोच घ्यावी.

पत्र्याचा डबा दिरांना. त्यांनी तो सर्वांसमोर उघडावा. त्यात अकरा वर्षांचे तपासणी अहवाल आहेत, आणि सगळ्यात वर दवाखान्याचा तो पहिला अर्ज. त्यांच्या दादाचे अक्षर ते ओळखतील.

प्रभू माझ्याजवळ बसून आहे. हे लिहितानाही होता. उद्या गॅरेजमध्येही असेल, असे धरून चालते.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, आणि तो खरा आहे.

सही: बाइंडरबाई
ठिकाण: पुढची खोली, राहते घर
वार: गुरुवार, दुपार

साक्षीदार १: पाळक
साक्षीदार २: वकील

पाळकांच्या हातची नोंद, शुक्रवार: मृत्युपत्र गॅरेजमध्ये पूर्ण वाचून दाखवले. बाई हजर. डबा दिरांनी उघडला, अर्ज बघितला, मिटून खिशात ठेवला. प्रश्न: निरंक. वाचून समजल्याबद्दल दिरांची सही: निरंक. शिडी ठेवून घेतली. आम्ही निघताना ती छपराला लावलेली होती.