चार्जिंगचं झाकण

१५ नोव्हेंबर, शनिवार. मयूर विहार.
पुढच्या रविवारी फरीदाबादच्या मराठी मंडळात माझं व्याख्यान. विषय : 'आधी कारण शोधा'. समाजाची विचार करायची सवयच मेली आहे. किळस येते. याच घोषणेचे स्टिकर गठ्ठाभर छापून घेतले. एक आमच्या इलेक्ट्रिक गाडीला लावला, डाव्या बाजूला, मागच्या चाकाच्या वर. स्वतः. हातरुमालाने दाबून. एकही बुडबुडा नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार.
गाडी चार्जिंगला लावायला गेलो तर चार्जिंगचं झाकण उघडेना. डाव्या बाजूचं, मागच्या चाकाच्या वरचं. परवापर्यंत बोटाने दाबलं की टक् करून उघडायचं. बॅटरी ४१ टक्के. सुमित्रा म्हणाली, अहो, काल तिथेच काहीतरी चिकटवत होतात ना? मी म्हटलं, स्टिकर बाहेर आहे, बिघाड आत आहे. संसाराची इतकी वर्षं माझ्याबरोबर काढूनही ही वरवरच बघते.

१७ नोव्हेंबर.
गाडी लॉक केली, अनलॉक केली. ॲप काढून टाकलं, परत घातलं. काही नाही. हेल्पलाइनवरची मुलगी म्हणाली, सर, फ्लॅप पे कुछ अटका तो नहीं है? तिला सांगितलं, अटकला आहे तो या देशाचा विवेक. बराच वेळ सांगितलं. मध्येच तिचं 'जी सर' बंद पडलं. शेवटी म्हणाली, डिक्कीत आतल्या बाजूला एक दोरी आहे, ती खेचा.
खेचली. आत टक् झालं. झाकण जागचं हललं नाही. म्हणजे कडी सुटली तरी झाकण बंदच. असला माल बनवणाऱ्यांना लाज कशी वाटत नाही?

१९ नोव्हेंबर, बुधवार.
आर. के. पुरमला अण्णासाहेबांकडे. मी फरीदाबादला पोहोचलो नाही तर मंडळ त्यांना उभं करणार, हे तेच सगळ्यांना सांगत सुटलेत. गाडी ठणठणीत आहे हे दिसावं म्हणून गाडीनेच गेलो. ते खाली आले, गाडीला एक चक्कर मारली, स्टिकर मोठ्याने वाचला. मग म्हणाले, मेट्रोने जा की राव, थेट फरीदाबादपर्यंत जाते. इलेक्ट्रिक गाडीतून येणारा वक्ता म्हणून माझी जाहिरात झाली आहे, आणि मी मेट्रोला लटकू? क्षुद्र माणूस. बॅटरी २५.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार.
ओखल्याचं सर्व्हिस सेंटर. मंगळवारी या म्हणाले. मंगळवारपर्यंत व्याख्यान होऊन गेलेलं असेल, हे सांगितलं तर कॉफी विचारली. घेतली. तीही घाण.
घरी येऊन स्क्रूड्रायव्हरने झाकण बिजागरीच्या बाजूने उचकटून पाहिलं. कड् आवाज आला. प्रगती आहे. चेतना म्हणाली, बाबा यार, पहले स्टिकर तर काढून बघा. लेकीलाही सांगावं लागलं : यंत्रासाठी तत्त्व सोलून काढणाऱ्यांतला मी नाही.

२२ नोव्हेंबर.
गाडीतच काचा लावून भाषणाची तालीम. आवाज छान घुमतो. थंडी होती, हीटर लावला. तालीम दोनदा केली. बॅटरी ८.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपार.
८ टक्के पुरतील. कंपन्या मुद्दाम कमी दाखवतात. सुमित्रा आणि चेतना मेट्रोने पुढे गेल्या. अविश्वास आधी घरात जन्मतो.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
फरीदाबादच्या वाटेवर, बदरपूरच्या अलीकडे गाडी थांबली. डोक्यावरून मेट्रो जात होत्या. मोजल्या नाहीत.

२४ नोव्हेंबर, सोमवार.
गाडी क्रेनने घरी आली. काल अण्णासाहेब बोलले. विषय माझाच. चेतना सांगते, टाळ्या थांबेनात. उदाहरण म्हणून माझी गाडी घेतली. बुधवारीच कारण दिसलं होतं म्हणे. पण तेव्हा सांगितलं असतं तर आज मला कोण बोलायला देणार होतं, असं म्हणाले. हॉल हसला. सुमित्राही हसली. विचारलं, तर नाही म्हणाली नाही.
सकाळी तिने केस वाळवायचं मशीन लावून स्टिकर सोलला. झाकण टक् करून उघडलं.
आता ते बंद होत नाही. बिजागरी लोंबते आहे. मी कारण शोधलं : बिजागरी मुळातच कच्ची.
रात्री धुकं आत जाऊ नये म्हणून झाकण दाबून वर नवा स्टिकर लावला. गठ्ठा तसाच आहे. काल माझ्याबरोबर गाडीतच राहिला.