चष्म्याची काडी बसेना

३ नोव्हेंबर
आलो एकदाचे नव्या गावात! खोल्या दोनच, पण उजेड भरपूर. चिमीने खिडकीजवळची जागा आल्या आल्या पटकावली. तिची आई गेल्यापासून पोरीला असं खिदळताना पहिल्यांदाच ऐकलं. माझी नवी नोकरी ज्या चष्म्याच्या दुकानात, ते कोपऱ्यावरच आहे. काड्या वाकवण्यात माझा हात बसलेला पाहून मालक खूश झाले.

८ नोव्हेंबर
एक निवृत्त पोस्टमास्तर बायकोबरोबर आले. काडी कानामागे टोचते म्हणाले. पाहिलं तर हरभऱ्याएवढी गाठ. काडी गरम करून जरा सैल केली. अशी गाठ असलेलं या आठवड्यातलं हे चौथं गिऱ्हाईक. मालक म्हणाले, येते नि आपोआप जिरते, मनावर घेऊ नका.

१४ नोव्हेंबर
पोस्टमास्तर बायकोबरोबर पुन्हा आले. काडी आता ढिली होतेय, गाठ पार जिरलीय. मी बाईंना खुर्ची दिली. तेवढ्यात ते माझ्या कानाशी कुजबुजले, "अहो, या बाई सकाळपासून माझ्यामागे का फिरताहेत?" बाईंनी ऐकलं. चष्म्याची डबी पिशवीत टाकली आणि दोन पावलं मागे राहून चालू लागल्या.

१७ नोव्हेंबर
केस विंचरताना बोटाला गाठ लागली. उजव्या कानामागे. डॉक्टरांनी चाचपून नीट समजावलं: घसा, दात, कान नाहीतर डोक्याची कातडी बिघडली की तिथली ग्रंथी सुजते, कधी नुसती चरबीची गाठ असते, हाडात पू झाला तर ताप नि ठणका येतो, वाईट काही क्वचितच निघतं. जीव भांड्यात पडला. निघताना टेबलावरच्या फोटोतल्या मुलांचं कौतुक केलं. ते म्हणाले, आधीच्या डॉक्टरांचं कुटुंब असावं.
फोटोत मुलांना कडेवर घेऊन हेच डॉक्टर उभे होते.

१९ नोव्हेंबर
मालकांना खोदून विचारलं. काच पुसत राहिले. म्हणाले, जिरताना एक माणूस घेऊन जिरते. सगळ्यात जवळचं. मी ओरडलो, आधी का नाही सांगितलंत? म्हणाले, माझं कोण गेलं तेच मला आठवत नाही, काय सांगू?
मला एकच आहे. एकच.

२० नोव्हेंबर
उद्या सकाळची गाडी. लिहून ठेवतो — चिमी. वय आठ. माझी मुलगी. झोपेत दात खाते. बुटाची नाडी अजून मीच बांधतो. चिमी माझी मुलगी. गाठ आज मऊ लागतेय —

२१ नोव्हेंबर, सकाळ
चिमी माझी — चिमी —
ती विचारतेय, बाबा, सारखं माझ्याकडे काय बघता —

स्टेशनवर
कानामागे सपाट. हायसं वाटलं.
बाकावर शेजारी एक मुलगी बसलीय. माझी बाही घट्ट धरून. कुणाची तरी चुकलेली दिसते. बुटाची नाडी सुटलीय, पाय पुढे करून बसलीय. मागच्या पानावर काहीतरी — अक्षर माझंच —
मी तिला विचारलं, बाळ, तुझे बाबा कुठे आहेत?
तिने माझ्याकडेच बोट दाखवलं.