अर्धी निघालेली खीळ

शुक्रवार, ता. ९, दुपार

चि. भावोजी यांस वहिनीचे आशीर्वाद.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही पत्र बाजूला ठेवून द्याल, अशी मला धास्ती आहे. निदान एकदा वाचा, मग हवं तर ठेवून द्या. काळजीचं काही नाही, असं आधी लिहायची रीत आहे, म्हणून तेही लिहिते. इकडे सगळं ठीक. मागच्या खोलीतलं गळणं एकदाचं थांबलं. माझे गुडघे जिना चढताना बोलतात, पण उतरताना गप्प असतात. ह्यांची तब्येत बरी आहे. थोडा अशक्तपणा आहे, वयाप्रमाणे.

एक गोष्ट सांगते, पण तुमच्या लेकीला रागावायचं नाही. तिने इकडे फोन केला होता. शाळेच्या नेमबाजीच्या संघात तिला घेतलंय आणि ती दुसऱ्या मुलीच्या बंदुकीवर सराव करते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आजोबांची फुगे फोडायची छर्र्याची बंदूक अजून आहे का, असं विचारत होती. ‘बाबांना सांगू नका हं काकू,’ असंही म्हणाली, आणि मी आता नेमकं तेच करते आहे. मी रिसीव्हर ह्यांच्या कानाला लावला. हे नुसते ऐकत राहिले, बोलले काहीच नाहीत. पण संध्याकाळी माळ्यावरून बंदूक खाली आली. शिडी धरायला मी होते.

मामंजींच्या जत्रेतल्या फुग्यांच्या ठेल्यावर तुम्ही दोघं जिच्यासाठी भांडायचात, तीच ही. नळीला तांबूस गंज आणि लाकडी दस्त्यावर धुळीचं पुट होतं. हे नळी खाली दुमडून स्प्रिंग चढवायला गेले, तर आतून दात खाल्ल्यासारखा आवाज आला. छर्रा सोडला, तो समोरच्या पुठ्ठ्यावर आपटून जमिनीवर पडला. आतला चामड्याचा वायसर वाळून कडक झाला असणार आणि स्प्रिंग दमली असणार, एवढं आता मलाही कळतं. तुमच्या घरात नांदून दुसरं काय शिकणार?

मग घराचा कारखाना झाला. माझ्या जुन्या पिशवीच्या कातडी पट्ट्यातून नवा वायसर कापला आणि तेलात भिजत घातला, तोही माझ्या चांगल्या वाटीत. नवी स्प्रिंग मिळवली. दस्ता घासून असा गुळगुळीत केलाय की हात फिरवत बसावंसं वाटतं. कापताना कातडं मात्र मला धरावं लागलं, कारण उजव्या हाताने कात्री चालेना आणि डाव्याने ती वळेना.

इथे थांबून मी चहा करून आले. तुम्ही हुशार आहात, उजव्या हाताचं वाचून तुम्ही समजला असाल. भावोजी, गेल्या वर्षी ह्यांना झटका आला. उजवी बाजू गेली होती, ती बरीचशी परत आली. बोलणं तेवढं आलं नाही. तुम्हाला कळवू का, म्हणून मी दवाखान्यातच विचारलं होतं. ‘नको,’ म्हणाले. मी म्हटलं, अजून राग गेला नाही तर राहू दे. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की ह्यांच्या तोंडात ‘हो’च्या जागी ‘नको’ येतं आणि ‘नको’च्या जागी ‘हो’. कधी बरोबरही येतं. तेव्हाचं ‘नको’ कोणतं होतं, हे विचारायचा मला धीर झाला नाही. लग्न झाल्यापासून माझ्या प्रत्येक बोलण्याला ‘नको’ म्हणणारा माणूस, त्यामुळे फरक कळायलाही वेळ लागला.

आता बंदुकीचं ऐका. मागचं टोपण काढल्याशिवाय जुनी स्प्रिंग निघत नाही, आणि टोपण आडव्या खिळेने अडकवलेलं असतं. खीळ निघाली की आत दाबलेली स्प्रिंग ते टोपण गोळीसारखं उडवते. मामंजींची पद्धत दोन माणसांची. नळी ठोकळ्यावर उभी ठेवायची, एकाने छातीशी गोणपाट धरून टोपणावर सगळं वजन टाकायचं, आणि त्याने ‘हं’ म्हटल्याशिवाय दुसऱ्याने खीळ काढायची नाही. समोरचा सुतार म्हणाला, काकू, हा जिवाशी खेळ आहे, मी आवळून धरणारा लोखंडी शिकंजा देतो, त्यात धरा आणि आरामात काढा. हे ऐकेनात. शिकंजा आणला की हे बंदुकीसमोर बसतात आणि हलत नाहीत. दाबायलाही मला बसू दिलं नाही. माझा खांदा धरून मला खिळेच्या बाजूला उभं केलं.

ह्यांच्या शब्दावर विसंबायचं नाही, हे मी ठरवून टाकलं. तयार झालात की पाय आपटा, म्हटलं. मंगळवारी सकाळी बाहेरच्या खोलीत बसलो. ह्यांनी वजन टाकलं, पाय आपटला. मी बोथट खिळा लावून हातोडी मारली. खीळ अर्धी सरकली आणि ह्यांचा उजवा हात एकदम सुटला. टोपणाच्या बरोबर वर ह्यांचा चेहरा होता. उरलेल्या अर्ध्या खिळेने तग धरला, म्हणून आज मी हे पत्र लिहिते आहे.

मी ह्यांना खूप बोलले. हातोडी फेकून दिली. हे जमिनीवर बसले, घामाने निथळत होते. मग त्यांनी बोट उचललं आणि डाव्या डोळ्याखाली टेकवलं. ह्यांच्या डोळ्याला काही झालं नव्हतं. मला आधी समजलं नाही.

“थांबलो नाही,” म्हणाले.

मी विचारलं, कोण?

“मी. धाकटा दाबत होता. मी थांबलो नाही.”

वर्षभरात इतकं सलग बोलणं त्यांच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. उलटसुलट होत असेल, म्हणून मी पुन्हा विचारलं, “तुम्ही थांबला होतात, असं म्हणायचंय का?” त्यांनी नकाराची मान जोरात हलवली, जमिनीवर हात आपटला आणि परत बोट डोळ्याखाली नेलं. मग रडले. तुमचा भाऊ रडताना मी पहिल्यांदाच पाहिला, मामंजी गेले तेव्हाही रडला नव्हता.

इतकी वर्षं हे सगळ्यांना सांगत आले की मी ‘हं’ येईपर्यंत थांबलो होतो, त्यानेच घाई केली. तुमचा डोळा गेला, आणि वर दोषही तुमच्याच माथी आला. मीही ह्यांच्याच बाजूने उभी राहिले. मला दुसरं काही माहीत नव्हतं, पण विचारलंही नव्हतं. तुम्ही घर सोडून गेलात त्यात तुमचं काही चुकलं नाही, एवढं आज स्वच्छ लिहिते.

हे तुम्हाला कळवू का, असं मी विचारलं. “नको,” म्हणाले. आणि उठून कपाटातून कागद आणि पेन आणून माझ्यासमोर ठेवलं.

तेव्हापासून बंदूक बाहेरच्या खोलीत ठोकळ्यावर उभी आहे. खीळ वाकली आहे, ती परत आत जात नाही. सुताराने दारातूनच पाहिलं आणि हात जोडले. शिकंजा ठेवून गेला, पण ‘अशा खिळेला मी हात लावणार नाही,’ म्हणाला. मी तिच्यावर गोधड्या टाकल्या, दाराला कुलूप लावलं, आणि किल्ली माझ्या कमरेला आहे. हे दिवसभर दारासमोर खुर्ची टाकून बसतात. काल मी न्हाणीघरात होते, तर कुलपाशी खटपट ऐकू आली. ओल्या अंगाने धावले. हातात पक्कड होती. मला पाहून हसले, लहान मूल पकडलं जावं तसे. मी हसू शकले नाही. मला भीती वाटते, भावोजी. रात्री वाटते, दुपारीही वाटते, आत्ता लिहितानाही कान तिकडेच आहेत. एकट्याने दाबून, एकट्याने खीळ ओढून लेकीची बंदूक पुरी करायची, हे ह्यांनी मनात घेतलंय.

म्हणून काल मी समोर बसून सरळ विचारलं, धाकट्याला बोलावलं तर थांबाल का? शब्दाने काही सांगू नका, खुणेने सांगा. ह्यांनी पक्कड माझ्या मांडीवर ठेवली. मग छातीवर हात ठेवून दाबायची खूण केली, स्वतःकडे बोट दाखवलं, आणि खिळेच्या बाजूची रिकामी जागा दाखवली.

म्हणजे दाबायला हे बसणार. चेहरा ह्यांचा आणि खीळ तुमच्या हातात. ह्यांना तसंच हवंय. मला शिकंजा हवाय, आणि तुम्ही सांगितलंत तर हे तेवढं ऐकतील असं वाटतं. तुम्ही येऊन काय करायचं, हे सांगायचा मला हक्क नाही. तुम्ही आला नाहीत तरी तुम्हाला बोल लावणार नाही. लेकीला मात्र सांगा, काका कामाला लागलेत.

तुमचा भाऊ आज सकाळपासून खुर्चीत बसून आहे. दाराकडे नाही, रस्त्याकडे तोंड करून. या वेळी ते थांबलेत. किती वेळ थांबवेल ते मला सांगता येत नाही, म्हणून हे पत्र आजच टाकते.

तुमची,
वहिनी